तेविसाव्या कागदावरची हळद

"सोनं तोंडात ठिवत्यात ते माणूस मेल्यावर. माझं अजून तसं काही न्हाई झालं."

वडीगोद्रीच्या एका आजींनी हे वाक्य माझ्याकडे न पाहता शेजारच्या बाईंकडे पाहून उच्चारले, आणि तपासणीसाठी लागलेली पस्तीस-चाळीस माणसांची रांग माझ्या डोळ्यांदेखत विरघळली. दोष आजींचा नव्हता. त्याआधी वीस मिनिटे मी भाषण केले होते. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला श्रोते मिळण्याची सवय नसते. ते मिळाले की तो वाहवत जातो. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने आम्ही तोंडातील रोगट पेशी शोधतो, असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. अंत्यसमयी तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवण्याची रीत ज्या गावात घरोघर आहे, तिथे धडधाकट माणसांसमोर सोन्याचे नाव काढून त्यांना जबडा उघडायला सांगणे हा केवढा अविचार आहे, हे मला सोडून सर्वांना कळले होते.

रांग परत आणली ती आमच्या गाडीचे चालक रशीदभाई यांनी. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आणि शहाणपणाने त्याहून बरेच अधिक.

"अम्मा, सोना इनकी शीशी में रहता. तुमच्या तोंडात फकस्त बुरुश फिरवायचा, गालाच्या आतून. बस. सोनं तर हे लोक तुम्हाला दाखवणार पण न्हाईत."

"मंग आधीच सांगायचं ना तसं," आजी म्हणाल्या. "हे मास्तर तर माझी तयारीच करून राह्यले."

त्या दिवसापासून शिबिरातील प्रास्ताविक रशीदभाई करतात. मी यंत्राजवळ बसतो.

वाचकांपैकीही कोणी बिचकू नये म्हणून काम काय ते सरळ सांगतो. मऊ ब्रशने तोंडाच्या आतल्या कातडीवरील थोड्या पेशी काढायच्या, त्या एका लहान कुपीत धुऊन घ्यायच्या आणि मग त्यांत सोन्याचे पाणी मिसळायचे. सोन्याचा कण इतका बारीक की त्याला कण म्हणणेही अतिशयोक्तीच. त्याच्या अंगावर आम्ही दोन गोष्टी चढवलेल्या असतात. एक म्हणजे विशिष्ट पेशीलाच पकडणारे आकडे. पडीक रानातून चालत आले की धोतराला गोखरू चिकटतात, पण हातातल्या पितळी तांब्याला चिकटत नाहीत. तसे हे कण रोगट पेशीला बिलगतात आणि निरोगी पेशीवरून घसरून जातात. दुसरी गोष्ट म्हणजे एक खूण. तिच्यावर विशिष्ट प्रकाशाचा झोत टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात तिची सही उमटते. संगणकाच्या पडद्यावर ती सही तीन टोकदार सुळक्यांसारखी दिसते. चिकटलेले सोने जितके जास्त, तितके सुळके उंच. संगणक त्या आलेखावरून हिरवा किंवा लाल असा निकाल देतो. हे यंत्र रोगाचे निदान करत नाही; ते फक्त बोट दाखवते. लाल निकाल आला की डॉक्टरांनी त्या जागेचा लहानसा तुकडा काढून रीतसर तपासायचा. आमच्याकडे ते काम डॉ. तृप्ती करीत. त्या दंतवैद्य. त्यांच्याबरोबर मी आणि रशीदभाई, अशी तिघांची आमची तुकडी. प्रयोग अजून परीक्षेच्या अवस्थेत होता आणि खरे सांगायचे तर मीही.

इतके बारीक झालेले सोने पिवळे दिसत नाही. कुपीतले पाणी डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसते. वाटूरच्या शिबिरात एका वयस्क सोनारांनी ती कुपी उन्हात धरून पाच मिनिटे पाहिली, खिशातून कसोटीचा दगड काढला, त्यावर एक थेंब टाकायला लावला, बोटाने पुसला आणि अतिशय हळुवारपणे, जणू घरातली वाईट बातमी सांगावी तसे मला म्हणाले, "साहेब, तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

हे प्रसंग मी हसत सांगतो, कारण त्यांत माझे फक्त हसे झाले. केदारखेड्याचा प्रसंगही मी पुष्कळ दिवस हसतच सांगत होतो. त्याबद्दल आता लिहायचे आहे.

केदारखेड्याचे शिबिर विहाराच्या सभागृहात होते. त्याची सारी व्यवस्था गयाबाई नावाच्या पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या बाईंनी अंगावर घेतली होती. सतरंज्या, पाण्याची टाकी, आमचे जेवण, लोकांना घरातून उठवून आणणे, आणलेल्यांना पळून जाऊ न देणे, हे सर्व त्या एकट्या पाहत. लहानपणापासून मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय. त्यामुळे दात काळे आणि बोलणे तिखट. आम्ही गाडीतून उतरताच त्या समोर आल्या.

"जयभीम साहेब. कालपासून तीनदा सांगून राह्यले सगळ्यांला, तोंड साफ करून या म्हणून. अन् कुणी तसंच आलं, तर दारात मी हायेच."

मी आभार मानले. 'हायेच' म्हणजे नेमके काय, हे विचारले नाही. दारापाशी तीन दगडांच्या चुलीवर एक मोठे पातेले होते आणि गयाबाई आत येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून डावभर काहीतरी देत होत्या. मला तो चहा वाटला.

पहिला निकाल लाल आला. दुसरा लाल. डॉ. तृप्तींनी माझ्याकडे पाहिले. तिसरा, चौथा, पाचवाही लाल. पाचव्यापर्यंत मला यंत्राचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. सातव्याला घाम फुटला. लाल निकालाच्या माणसांनी उजव्या बाजूला थांबावे, असे मीच सुचवले होते. तोपर्यंत डावी बाजू पूर्ण रिकामी होती.

"मी जन्मात सुपारीचं खांड तोंडात न्हाई घातलं," उजव्या बाजूचे एक शेतकरी म्हणाले. "मला कसं काय लाल?"

त्यांच्या शेजारी बसलेले, ज्यांच्या खिशात त्या क्षणीही गुटख्याच्या तीन पुड्या होत्या, समाधानाने म्हणाले, "बघा. अन् उगंच लोक मलाच नावं ठिवत्यात."

त्या बाजूला हळूहळू निरवानिरव सुरू झाली. शेताच्या बांधावरून बरीच वर्षे एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ तिथे शेजारी बसले होते. थोरल्याने धाकट्याचा हात धरला आणि म्हणाला, "बांध तूच घे. मला काय करायचाय आता." धाकटा म्हणाला, "न्हाई, दादा, तूच घे. मलाबी लालच हाय." दोघेही रडले. मी सुळक्यांकडे पाहण्याऐवजी त्यांच्याकडे पाहत राहिलो, आणि ही माझ्या कामातील पहिली कुचराई.

शेवटी डॉक्टरांनी गयाबाईंचाच हात धरला. "आता तुम्ही. सकाळपासून सगळ्यांना बसवताय, तुम्ही मात्र उभ्याच." गयाबाईंनी पदराला हात पुसले आणि घाईघाईने खुर्चीवर बसल्या. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिसरी दाबून धरली जाते तिथे, डॉक्टरांना एक पांढुरका चट्टा दिसला. मिसरी लावणाऱ्या बऱ्याच बायकांत असा चट्टा असतो. 'निकाल पाहून ठरवू', असे त्यांनी कागदावर लिहिले. निकाल लाल आला. तो त्या दिवसाचा तेविसावा.

एवढ्यात रशीदभाई आत आले. त्यांच्या पांढऱ्या मिशा पिवळ्याधमक झाल्या होत्या.

"साहब, चाय समझ के लिया. चाय नहीं है. हल्दी हाय, नमक हाय, गरम पानी हाय."

मी टेबलावरचे वापरलेले ब्रश पाहिले. पिवळे होते. गयाबाईंचे 'दारात मी हायेच' मला आता समजले. गावाच्या तोंडाची साफसफाई त्यांनी हळदीच्या गुळण्यांनी करवून घेतली होती, आणि तीही सढळ हाताने. आता हळदीचा एक गुण घरोघर ठाऊक नसतो: आमच्या यंत्राचा झोत पडला की ती स्वतःच उजळून निघते. आमचा संगणक त्या काळी किती प्रकाश आला एवढेच मोजत असे. तो कोणाकडून आला हे विचारण्याइतका तो चौकस नव्हता. खात्रीसाठी मी पातेल्यातला एक थेंब यंत्राखाली ठेवला. पातेल्याचाही निकाल लाल आला.

सभागृहात जो हशा उसळला तो मी विसरणार नाही. डॉ. तृप्ती भिंतीला टेकून हसल्या. दोन्ही भाऊ उठले, कपडे झटकले आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. बांधाचा प्रश्न, मला नंतर कळले, पूर्ववत झाला होता.

दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने चुळा भरून सर्वांनी पुन्हा यावे, असे ठरले. बावीस जण आले. बावीसही हिरवे निघाले. गयाबाई आल्या नाहीत. बहिणीच्या नातवाच्या बारशाला त्या भोकरदनला गेल्या होत्या. मी प्रत्येक कागदाच्या शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या लाल निकालाचे कारण लिहीत गेलो: हळद, हळद, हळद. बावीस वेळा हा शब्द मी हिरवा निकाल डोळ्यांनी पाहून लिहिला. तेविसाव्या वेळी समोर दुसरा निकालच नव्हता. तरीही लिहिला. हाताला सवय लागली होती, असे मी पुढे स्वतःला सांगत असे. ते खरे नाही. खरे हे की गोष्ट फार सुंदर जमून आली होती. त्या संध्याकाळी आमच्या मुक्कामी जालन्याला पोचेपर्यंत ती मी मनात दोनदा सांगून पाहिली होती, आणि शेवटी उरलेला एक प्रश्नार्थक कागद तिची मजा घालवत होता.

तीन आठवडे मी ती गोष्ट सांगत होतो. कार्यालयात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, जावयाला सांगितली. पातेल्याचा निकाल लाल आला, या वाक्यावर किती थांबायचे हेही मला चांगले जमू लागले होते.

पुढे संगणकाला हळद ओळखायला शिकवायचे ठरले. त्यासाठी त्या दिवसाचे तेवीस आलेख एकावर एक ठेवून मी पडद्यावर मांडले. हळदीचा आलेख सुळक्यांचा नसतो. तो बैलाच्या वशिंडासारखा एकच गोल उंचवटा असतो. बावीस वशिंडे एकमेकांवर नीट बसली. तेविसाव्या रेषेला वशिंड नव्हते. तिथे तीन सुळके होते, टोकदार, स्वच्छ, पाठ्यपुस्तकात छापावेत असे. ते त्या दिवशीही तिथेच होते. आलेख वाचणे हीच माझी एकमेव विद्या, आणि मी फक्त रंग पाहिला होता.

मी गयाबाईंचा कागद काढला. माझ्याच सुवाच्य अक्षरात 'हळद' असे लिहिलेले होते. मागच्या बाजूला काही सवलत लिहिलेली असावी तसा तो मी उलटून पाहिला. मागे काही नव्हते.

डॉ. तृप्ती रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "काका, आजच घेऊन या त्यांना. आणि काय झालं ते तुम्ही त्यांना स्वतः सांगा."

पहिली आज्ञा मी पाळली.

गयाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. मला पाहून त्या दिलखुलास हसल्या. "या साहेब. पातेलं चढवू का?"

मी विचारले, "गयाबाई, त्या दिवशी तुम्ही स्वतः गुळणी केली होती का?"

"मला कुठं येळ व्हता? जरा नजर हटली की लोक दोन-दोन डाव घेऊन राह्यल्ते. मी सकाळी मिसरी लावल्ती, साध्या पाण्यानं चूळ भरली, झालं. का बरं?"

उत्तर माझ्या जिभेवर होते. ते मी गिळले आणि म्हणालो, "विशेष काही नाही. यंत्राची तपासणी आहे. एक नमुना पुन्हा घ्यावा लागतो."

"तपासणी यंत्राची हाय, तर मला कशाला नेता?"

मी "नियम आहे" असे पुटपुटलो. त्यांनी सुपावर फडके टाकले, सुनेला हाक मारून सांगितले आणि गाडीत बसल्या. जालन्यापर्यंतच्या वाटेत त्यांनी रशीदभाईंना तीन वेळा गाडी सावकाश चालवायला सांगितले, एकदा जोरात चालवायला सांगितले, आणि मला कपाशीचे भाव, सुनेचे गुण व मोबाईलचे तोटे समजावून दिले. मी मान हलवत राहिलो. त्यांना दवाखान्यात सोडल्यावर रशीदभाई मागे वळून म्हणाले, "साहब, तुम झूठ भी इतना आहिस्ता बोलते, बिलकुल सच्ची लगता."

तुकडा तपासला गेला. रोग होता. लहान होता, एका जागी होता, पसरलेला नव्हता. ही बातमी त्यांना डॉक्टरांनी सांगितली; मी दाराबाहेर फाइल धरून उभा होतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ओठाच्या आतला तेवढा भाग काढून टाकण्यात आला. मी डॉ. तृप्तींना विचारले की माझ्या तीन आठवड्यांनी काही बिघडले का.

"फारसं नसावं," त्या म्हणाल्या. "पण हे कागदावर लिहिताना तुम्हाला माहीत नव्हतं."

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. सून औषधे आणायला खाली गेली होती. गयाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुजलेला, आत टाके. बोलायला सक्त मनाई होती. मी स्टुलावर बसलो आणि सर्व सांगितले: बावीस वशिंडे, एक सुळक्यांची रेषा, तेविसावा कागद, अंगणातले खोटे. मी व्यवस्थित बोललो, एकदाही अडखळलो नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत नीटनेटके निवेदन असावे. ते संपत आल्यावर माझ्या लक्षात आले की मी वेळ कशी निवडली आहे. जिच्यापुढे अपराध कबूल करायचा, तिचे तोंड टाक्यांनी बंद होईपर्यंत मी थांबलो होतो. हे मी मुद्दाम केले होते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुद्दाम केले नव्हते. पण सोयीचे झाले, हे मला आतून कळत होते.

गयाबाईंनी हात पुढे केला. काय हवे ते मला समजले. कागद मी बरोबर आणला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी तो वाचला. ह. ळ. द. नंतर माझ्याकडे इतका वेळ पाहिले की मी स्टुलावरून उठावे की बसून राहावे हे मला ठरवता येईना. मग त्यांनी कागदाची बारीक घडी केली आणि उशीखाली ठेवून दिली. तो प्रकल्पाचा मूळ दस्तऐवज होता. त्याची नक्कल माझ्याजवळ नव्हती. परत मागण्याचे धैर्य झाले नाही. सून आली तेव्हा मी पपई ठेवून निघालो. पपई त्यांना खाता येणार नव्हती, हे जिना उतरताना आठवले.

पुढे दहा-बारा दिवसांनी आम्ही वाटूरला शिबिर घेत होतो. रांग मोठी होती. माझा फोन वाजला.

"साहेब, टाके निघाले काल. आता बोलता येतंय. मोकळे हाय का?"

"बोला, गयाबाई. बरं वाटतंय का?"

"ते नंतर. बसले असाल तर उठून उभे ऱ्हा."

मी उभा राहिलो.

"मिसरी सोडलीया मी. त्याच्यानं डोस्कं आधीच तापून राह्यलंय, म्हून नीट ऐका. बावीस जणांला पुन्यांदा तपासलं. मी का उरले? मी पाणी वाटत व्हते म्हून मला माणसांत धरलंच न्हाई का तुम्ही? एक फोन करून इचारायला काय झाल्तं, गयाबाई, तुम्ही गुळणी केल्ती का? एवढंच. माझा नंबर तर तुमच्यापाशी जेवणात काय काय पायजे हे सांगायला व्हता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् घरी आले, तर यंत्राची तपासणी. आरं, मी काय यंत्राची पाव्हणी हाय? अन् खरं सांगायला आले कवा, तर माझं तोंड शिवून ठिवल्यावर. दहा दिस मी हे सगळं पोटात घेऊन पडले. टाके दुखले न्हाईत एवढं हे दुखलं."

"चुकलं माझं, गयाबाई."

"ऐकू न्हाई आलं."

"चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला. पुटपुटू नका."

"चुकलं माझं," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला त्या वेळी प्रथम कळले. रांग वळून पाहू लागली. डॉ. तृप्तींचा ब्रश कोणाच्या तरी उघड्या तोंडापाशी थांबला. गाडीला टेकलेले रशीदभाई सरळ उभे राहिले.

"हां," गयाबाई म्हणाल्या. "आता बसा. अन् तो कागद माझ्यापाशीच ऱ्हाणार."

फोन बंद झाला. मी बसलो, आणि कुप्यांची झाकणे उगीचच पुन्हा घट्ट केली. रांगेतले पहिले गृहस्थ माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते. जरा पुढे वाकून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "मोठ्या साहेबांचा फोन व्हता का?"

मी हो म्हणालो.